आईचा पडदा, माझं प्रमेय

स्वयंपाकघरात नवी फरशी बसली त्याच्या दुसऱ्या सकाळी आई ओट्यापाशी उभी राहून खाली बघत होती. चहा उकळून काळा होत चालला होता आणि तिचं लक्ष नव्हतं.

“ही ओळ वाकडी बसवलीय त्यानं,” ती म्हणाली.

मी येऊन बघितलं. फरशीच्या फटा दारापासून फ्रिजपर्यंत नीट गेल्या होत्या.

“सरळ तर आहे.”

“सरळ कुठे? फ्रिजच्या अलीकडे पोट सुटलंय तिला. दिसत नाही का तुला?”

आई आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवत आली. सरळ आणि वाकडं ह्या बाबतीत आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी ती जेवता जेवता उठायची. त्यामुळे मी वाद घातला नाही, गॅस बंद केला. ती आत गेली, फळ्यावर रेघा मारायची आपली लांब लाकडी पट्टी घेऊन आली, गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि पट्टी फटीला लावली.

मला वाटलं, आता ती विजयानं वर बघेल. ती बघेना. तिनं एक डोळा मिटला, उघडला, दुसरा मिटला. पट्टी थोडी सरकवली. मग हळू आवाजात म्हणाली, “पट्टी वाकलीय गं.”

मी पट्टी उचलून उजेडात धरली. ती जशी होती तशीच होती.

“किती दिवसांपासून दिसतंय असं?”

“होळीच्या आसपास.” ती फरशीवरच बसून राहिली. “आधी दाराची चौकट. मग पेपरातल्या ओळी. डाव्या डोळ्यानं. उजव्यानं ठीक दिसतं.”

“आणि सांगितलं का नाहीस?”

“पडदा घेतलाय ना मी,” ती म्हणाली, जणू ह्यात सगळं आलं.

पडद्याची गोष्ट अशी की महाकालाच्या ह्या आमच्या शहरात एक मराठी मंडळ आहे आणि त्यात गणपतीत दरवर्षी एक नाटक होतं. ह्या वर्षीच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश इथल्याच नदीच्या राम घाटावर घडत होता आणि त्यासाठी मागचा पडदा रंगवायचं काम आईनं स्वतःहून मागून घेतलं होतं. बाबा गेल्यानंतर तिनं मागून घेतलेलं ते पहिलंच काम. घरात आम्ही दोघीच. मी सरकारी कॉलेजात गणित शिकवते. त्या उन्हाळ्यात माझा प्रबंध संपत आला होता, म्हणजे विद्यापीठ आता आणखी मुदतवाढ देणार नव्हतं.

माझा स्वभाव मुळात एका जागी न बसण्याचा. आई मला भिंगरी म्हणते. विचार करायचा तर मला चालावं लागतं, आणि काळजी करायची तरी चालावं लागतं, त्यामुळे त्या दिवशी दुपारपर्यंत मी गच्चीवर किती येरझाऱ्या घातल्या असतील कोण जाणे. वरून आमच्या गल्लीतला खणलेला रस्ता दिसत होता. सिंहस्थाच्या तयारीत अर्धं शहर उकरून ठेवलंय, आज एक रस्ता बंद, उद्या दुसरा. संध्याकाळी ई-रिक्षानं आम्ही कुठून कुठून फिरत फ्रीगंजातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचलो तोवर आईचा पदर धुळीनं भुरा झाला होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आईच्या हातात चौकटी-चौकटीचा एक कागद दिला, मधोमध काळा ठिपका.

“माताजी, दायीं आँख बंद कीजिए और बीच की बिंदी को देखिए. लाइनें सीधी दिख रही हैं?”

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बेटा, पेन है?”

डॉक्टरांनी पेन दिलं. आईनं उजवा डोळा उघडला आणि डाव्यानं जसं दिसलं होतं तसं त्या कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं. उभ्या रेघा ठिपक्याकडे येता येता आत ओढल्या गेलेल्या, आडव्या रेघांना लाटा आलेल्या, एका जागी दोन चौकटी एकमेकींत मिसळलेल्या. डॉक्टरांनी तो कागद उचलून दिव्याकडे धरला. “इतना साफ तो मुझे किसी ने बताया नहीं,” ते म्हणाले. आणि मग डोळ्यात औषध घालून, यंत्रावर हनुवटी टेकवून, तपासून त्यांनी जे सांगितलं ते आनंदाचं नव्हतं. डोळ्याच्या पर्द्याच्या मागे पाणी साठलंय. वयामुळे होतं. इंदूरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, एकदा नाही, दर महिन्याला. थांबेल बहुतेक. पूर्ण आधीसारखं होईलच असं नाही.

“पर्द्यात पाणी,” बाहेर आल्यावर आई म्हणाली. “आणि माझा पडदा तिकडे हॉलमध्ये कोरडा पडलाय.” ती हसली. मी हसू शकले नाही. टावर चौकात रिक्षा थांबेना म्हणून आम्ही तशाच गर्दीतून चालत राहिलो. तिनं माझा दंड धरला होता. एरवी ती कुणाला धरत नाही.

आता माझ्या विषयाबद्दल थोडं सांगायला हवं. मी हे कुठेही सांगायला लागले की माणसं घड्याळ बघतात, म्हणून मी ते नेहमी आईच्या भाषेत सांगते. मुलाला आगगाडीचे रूळ काढायला सांगा, ते दोन समांतर रेघा काढतं. मग ड्रॉइंगच्या बाई सांगतात, तसं नाही, लांब जाऊन ते क्षितिजावर एका टिंबात मिळतात. खरे रूळ कधी भेटत नाहीत, चित्रातले भेटतात. मी ज्या भूमितीत काम करते तिला प्रक्षेपीय भूमिती म्हणतात, आणि ती ह्या टिंबाला चित्रकाराची चलाखी मानत नाही. तिच्या लेखी तोही बाकीच्यांसारखाच एक बिंदू. समोरचं दृश्य कागदावर उतरलं की लांब्या बदलतात, कोन बदलतात, गोल ताट अंड्यासारखं होतं. एक गोष्ट मात्र टिकते. जे बिंदू मुळात एका सरळ रेषेवर होते, ते चित्रातही एका सरळ रेषेवरच येतात.

तर एका जगातल्या बिंदूंना दुसऱ्या जगात नेणारा, पण एका रेषेवरच्यांना एका रेषेवरच ठेवणारा जो कुठला नियम असेल, त्याला आम्ही मॅप म्हणतो, आणि मी अशा मॅप्सचा अभ्यास करत होते. ह्या विषयातलं एक जुनं प्रमेय आहे. ते सांगतं की मॅपकडून दुसरं काही मागू नका, मोजमाप नको, कोन नको. सरळ ते सरळ राहू दे, बस. एवढ्या एका मागणीवर तो असा बांधला जातो की बीजगणिताच्या ठरावीक चाकोरीबाहेर त्याला जाताच येत नाही. अट एवढीच की सगळंच्या सगळं चित्र एका रेषेवर येऊन पडलेलं नसावं. तसं पडलं तर सगळेच बिंदू एका रेषेवर, नियम फुकटात पाळला जातो, आणि त्यातून कुणाला काही कळत नाही. एम.एस्सी.ला असताना हे पहिल्यांदा ऐकलं आणि मला वर्गात बसवेना. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून मैदानाला एक फेरी मारून आले. इतकं कमी मागून इतकं मिळतं, हे मला खरंच वाटत नव्हतं.

स्टाफरूममध्ये आईबद्दल सांगितल्यावर माझी एक सहकारी म्हणाली, “देखो, तुम्हारा तो एग्ज़ाम्पल घर में ही निकल आया.” ती चांगल्या मनानंच म्हणाली. पण मला त्या वाक्याचा इतका राग आला की पुढचा तास मी उभ्यानंच घेतला आणि मुलांना बसायला सांगायचं विसरले. आईचा डोळा हे उदाहरण नव्हतं. तो आईचा डोळा होता.

इंदूरला आम्ही देवास गेटच्या बसस्टँडवरून बसनं जायचो. पहिल्या वेळी आई रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती आणि मधूनच एक डोळा मिटून विजेचे खांब तपासत होती. दवाखान्यात तिला आत नेलं. मला बाहेरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. तिथे मी बसले, उठले, पाण्याच्या मशीनपर्यंत गेले, परत बसले. शेवटी हाताला काहीतरी काम हवं म्हणून बॅगेतून प्रबंधाचा चौथा अध्याय काढला. सर्वांत भक्कम अध्याय. माझ्या गाइडनी वाचलेला, मी तर पाठ केलेला. दोन मॅप एकापाठोपाठ लावले, आणि दोघंही चांगले, म्हणजे दोघांचंही चित्र एका रेषेत न कोसळणारं असेल, तर त्यांची जोडी जुन्या प्रमेयात बसते, असं मी त्यात सिद्ध केलं होतं. पुढचा सगळा अध्याय ह्या वाक्यावर उभा होता.

आतून नर्सनं कुणाचं तरी नाव पुकारलं. मी दचकून वर बघितलं, ते नाव आईचं नव्हतं, आणि पुन्हा पानावर नजर आणली तेव्हा मी ते वाक्य जणू दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं वाचलं. दोघं चांगले असतील हे ठीक. पण जोडी चांगली असेल कशावरून?

ते मी कुठेच दाखवलं नव्हतं. मी पानं मागे उलटली, पुढे उलटली. ‘हे उघड आहे’ असं लिहिलेलं एक वाक्य होतं, आणि जे उघड होतं ते तिथे नव्हतंच. मी खुर्चीवरून उठले आणि त्या लांबलचक व्हरांड्यात, हिरवी पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या रांगेसमोरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. एक आजोबा म्हणाले, “बेटी, बैठ जा, सब ठीक हो जाएगा.” त्यांना वाटलं, मी आतल्या पेशंटसाठी घाबरलेय. तेही खरंच होतं.

आई बाहेर आली ती डोळ्यावर पांढरी पट्टी लावून. तिनं एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

“तुझा चेहरा असा का झालाय? मला काही दुखलं नाही.”

“आई, माझ्या प्रबंधात भोक निघालंय.”

“मोठं?”

“माहीत नाही.”

“मग घरी जाऊन बघ. आधी हे ड्रॉप कसे घालायचे ते विचारून घे त्या पोरीला, मला तिचं बोलणं कळेना.”

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. मला चालायचं होतं आणि बसमध्ये चालता येत नाही. मी पाय हलवत बसले.

गाइडना मी दुसऱ्या दिवशी भेटले. ते निवृत्तीला आलेले, सौम्य माणूस; त्यांना कधी घाई नसते, आणि माझी घाई त्यांना अंगावर येते. त्यांनी चष्मा काढून पान वाचलं, पुन्हा वाचलं.

“हाँ,” ते म्हणाले. “यह तो है. एक शर्त जोड़ दीजिए मैडम. मान लीजिए कि जोड़ी ठीक है. आगे सब चल जाएगा.”

“पण सर, आधी वाटलं होतं की ते आपोआप मिळतं.”

“मिले तो सिद्ध कीजिए. न मिले तो भी सिद्ध कीजिए. पर जल्दी कीजिए.”

त्या आठवड्यांत मी घरात असून नसल्यासारखी होते. भाजी चिरताना, कॉलेजच्या जिन्यात, आईच्या डोळ्यात थेंब घालून पाच मिनिटं थांबायचं असतं त्या पाच मिनिटांत, सगळीकडे तेच. कधी वाटायचं की वाक्य खरंच आहे, सिद्धता तेवढी हवी. कधी वाटायचं की सगळंच कोसळणार. सकाळी मी नदीपर्यंत चालत जायची आणि घाटावर पोचल्याबरोबर उलटी फिरायची. एकदा एका पंडितजींनी हटकलं, “बहनजी, रोज़ आती हो, बैठती नहीं.” मी हात जोडले आणि निघाले.

आणि मग एका दुपारी, वर्ग रिकामा होता, पंखा बंद होता, मी फळ्यावर दोन साधे मॅप लिहिले आणि उत्तर समोर आलं. पहिला मॅप सगळ्या अवकाशाला दाबून एका सपाट प्रतलात आणतो. दुसरा एका बिंदूतून बघून चित्र काढतो, डोळा जसा बघतो तसा. दोघंही स्वतंत्रपणे अगदी सज्जन. पण दुसऱ्याचा तो बघायचा बिंदू नेमका पहिल्याच्या प्रतलात असेल, तर खेळ संपला. सगळं एका रेषेत.

माझं वाक्य खोटं होतं. सिद्धता अपुरी आहे एवढ्यावर भागलं नव्हतं. उदाहरण इतकं सोपं की बी.एस्सी.च्या पोरांना देता आलं असतं. मी फळा पुसला, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसला. मग खडू ठेवून सरळ बाहेर पडले आणि घराऐवजी मंडळाच्या हॉलवर गेले, कारण आई तिथे होती.

हॉलमध्ये वेगळंच चाललं होतं. मंडळाचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, आईसमोर उभे होते आणि आई जमिनीवर पसरलेल्या कोऱ्या कापडाच्या मधोमध स्टुलावर बसली होती. तिनं चष्म्याच्या डाव्या काचेवर काळा कागद चिकटवला होता.

“काकू, मी काय म्हणतो,” सेक्रेटरी म्हणत होते, “आपण फ्लेक्स छापून घेऊ. एक दिवसात येऊन जाईल. फोटो पण एकदम ओरिजिनल. तुम्हाला ह्या वयात त्रास कशाला?”

“फ्लेक्सवर लाइट पडला की चमकतो,” आई म्हणाली. “नट दिसत नाहीत, नुसता फ्लेक्स दिसतो.”

“ते बरोबर, पण डोळ्याचं असं झालंय म्हटल्यावर...”

“डोळे दोन असतात.”

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं, की तू तरी समजाव. मी म्हटलं, “मी आहे ना हिच्याबरोबर.” हे मी कसं म्हटलं मला कळलं नाही. मी तिथे मदत करायला आलेच नव्हते, मी माझं प्रमेय मेलं हे सांगायला आले होते.

ते गेल्यावर मी सांगितलं. आई ऐकत होती. समजावं म्हणून मी तिच्या बाजूला पडलेलं छोटं कार्ड उचललं, त्यावर तिनं घाटाचा कच्चा आराखडा काढला होता. ते तिच्या डोळ्यासमोर कडेनं धरलं.

“काय दिसतं?”

“रेघ.”

“घाट, पायऱ्या, देवळं सगळं आहे त्यावर. पण डोळा कागदाच्याच पातळीत आला की रेघ. माझं वाक्य म्हणत होतं, असं कधी होणारच नाही.”

आईनं कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं, पुन्हा सरळ करून बघितलं. “मग खोटं आहे म्हणून लिही,” ती म्हणाली. “हे उदाहरणच लिही. तू काय करून राहिलीयेस इतके दिवस?”

“ते इतकं सोपं नाही आई. अर्धा अध्याय जातो.”

“जाऊ दे. पोरांची चित्रं मी आयुष्यभर फाडायला लावली. कुणी मेलं नाही.” मग म्हणाली, “ती सुतळी धर.”

कापडाच्या एका कडेच्या मध्यावर तिनं खिळा ठोकवला होता. रेघा ज्या टिंबात मिळणार ते टिंब. सुतळी गेरूत बुडवायची, तिचं एक टोक खिळ्याला, दुसरं माझ्या हातात. आई सांगेल तिथे मी ताणून धरायची आणि ती मधे पकडून टणकन सोडायची. कापडावर तांबडी रेघ उठायची. एका डोळ्यानं तिला खोलीचा अंदाज येत नव्हता. ब्रश कापडाच्या आधीच थांबायचा किंवा एकदम टेकून त्याचे केस फाकायचे, रंगाची वाटी ठेवायला गेली की वाटी हवेत. दोनदा तिनं सगळा निळा सांडला. दुसऱ्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी फडकं घेऊन पुसत राहिले. तिला जवळ घ्यायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. ती तशी बाई नाही.

“क्षितिज वर गेलंय,” थोड्या वेळानं ती भिंतीकडे बघतच म्हणाली. “माझ्या उंचीनं लावलं. लोक तर खुर्च्यांवर बसलेले असणार.”

“मग?”

“मग काय. खिळा काढ.”

आम्ही सगळ्या रेघा झटकल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, खिळा खाली ठोकला आणि पुन्हा सुरू केलं. मी कॉलेजातून थेट तिथे जायची, संध्याकाळपर्यंत सुतळी धरायची, मग घरी येऊन चौथा अध्याय मोडायची. मोडायची म्हणजे खरंच मोडायची. खोटं वाक्य काढलं, त्याच्या जागी अट घातली, आणि अट नसेल तर काय होतं ते दाखवायला ते कार्डाचं उदाहरण लिहिलं, अर्थात गणिताच्या भाषेत. अध्याय अर्ध्यावर आला. जे उरलं ते लहान होतं पण खरं होतं. त्याचा आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मला फक्त वाटलं की आता हे कुणाच्याही हातात देता येईल. गाइडनी वाचून मान हलवली आणि म्हणाले, “दुबला हो गया, पर बीमार नहीं है.” मुदत संपायच्या आत प्रबंध जमा झाला.

आईचं दुसरं इंजेक्शन झालं, तिसरं झालं. पाणी कमी होत होतं. डॉक्टर यंत्राच्या पडद्यावर डोंगरासारखी दिसणारी आकृती दाखवायचे, ती दर वेळी थोडी बसलेली असायची. आईला मात्र डाव्या डोळ्यानं अजून लाटा दिसत होत्या, कमी, पण होत्याच. “अब जितना बचा है, इतना शायद रहेगा,” डॉक्टर म्हणाले. आई म्हणाली, “ठीक है.” आणि बसमध्ये बसल्यावर खिडकीला डोकं टेकून बराच वेळ रडली. मी तिचा हात धरून बसले. ती थांबली, नाक पुसलं आणि विचारलं की पायऱ्यांवरच्या सावल्यांना जांभळा घेऊ की करडा.

नाटकाच्या दिवशी हॉल भरला होता. शेवटच्या प्रवेशाला दर्शनी पडदा वर सरकला आणि मागचा घाट दिसला तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी “वा!” म्हटलं. पायऱ्या रंगमंचावरून निघून खरोखर लांब जात होत्या. पाण्यात देवळांच्या शिखरांची प्रतिबिंबं पडली होती. मी बाजूच्या दारात उभी होते, खुर्चीवर मला बसवलं नसतं. आई पहिल्या रांगेत होती. ती दोन्ही डोळ्यांनी बघत होती, मग तिनं हळूच तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. सेक्रेटरींनी नंतर माईकवरून तिचे आभार मानले. फ्लेक्सचा विषय त्यांनी काढला नाही आणि आईनंही काढला नाही.

तोंडी परीक्षा त्यानंतर काही महिन्यांनी झाली. बाहेरून आलेले परीक्षक दक्षिणेकडचे, बारीक, अतिशय सभ्य. त्यांनी पहिल्या तीन अध्यायांबद्दल एकेक प्रश्न विचारला आणि चौथ्यावर थांबले.

“ही अट तुम्ही आधीपासून घातली होती का?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“नाही सर. आधी मला वाटत होतं ती लागत नाही.”

“मग?”

मी फळ्यावर उदाहरण काढलं. ते उठून फळ्यापाशी आले आणि विचारत राहिले: बिंदू प्रतलात नाही पण प्रतलाच्या जवळ असेल तर? तीन मॅप असतील तर? वरच्या मितींत असं कोसळणं किती प्रकारांनी होतं? शेवटच्याचं उत्तर मला येत नव्हतं, मी तसं सांगितलं. “मलाही येत नाही,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. मग त्यांनी माझ्या गाइडना विचारलं की महाकालाचं दर्शन लवकर होईल असा काही मार्ग आहे का, त्यांची गाडी संध्याकाळची होती. सगळे एकदम दर्शनाच्या मागे लागले. मला पदवी मिळाल्याचं मला दहा मिनिटांनी कुणीतरी पार्किंगमध्ये सांगितलं.

मला वाटलं होतं, ह्यानंतर मी शांत होईन. तसं झालं नाही. परीक्षकांचा तो शेवटचा प्रश्न डोक्यात फिरत राहिला, आणि त्याच्याबरोबर आईच्या उजव्या डोळ्याची धास्ती. डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं की त्याच्यावरही लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवायला लागले. ती पेपर वाचायला लागली की मी समोर, सुई ओवायला लागली की मी बाजूला.

ह्या हिवाळ्यात एका सकाळी तिनं जाहीर केलं की शाळेतल्या जुन्या मैत्रिणींबरोबर ती ओंकारेश्वरला चाललीय, चार दिवस, गाडी ठरली आहे.

“अगं पण ड्रॉप? आणि तिथे पायऱ्या किती आहेत, तुला अंदाज येत नाही...”

“अंदाज नाही आला तर हात धरीन कुणाचा. सगळ्या सत्तरीच्या आहोत, सगळ्यांनाच कुणाचा तरी हात लागतो.” मग जरा थांबून म्हणाली, “तू माझ्या मागे मागे फिरणं बंद कर. मला चक्कर येते तुला बघून.”

ती गेली. रिकाम्या घरात मी सगळ्या खोल्यांतून हिंडले, गच्चीवर गेले, खाली आले. दुपारी तिला फोन केला. मागे बायकांचा कलकलाट आणि मोटरबोटीचा फटफट आवाज.

“आई, ठीक आहेस ना? डोळा?”

“काय? ऐकू येत नाहीये. आम्ही नावेत आहोत. नर्मदा काय सुंदर आहे गं! ठेव आता, माझा फोन पाण्यात पडेल.”

तिनं ठेवला. मी चपला घातल्या, टावर चौकापर्यंत चालत गेले, ठेल्यावरून साबुदाण्याची खिचडी घेतली, वर शेव घालून, आणि तिथेच गर्दीत उभ्या उभ्या खाल्ली. मग आणखी एक प्लेट मागितली.